तांदळाचं नाव घड्याळावरून

मागच्या महिन्यात ऑडिटोरियममध्ये एका पाहुण्यांचं लेक्चर झालं. अटेंडन्स कम्पल्सरी होता, म्हणून हॉल फुल्ल! विषय 'आयडिया हेच भांडवल'. पाहुणे चांगले बोलले. जमीन, कारखाना, मशिनरी हे जुनं भांडवल, आता डोक्यातली कल्पना म्हणजेच संपत्ती, असं त्यांचं म्हणणं. १९८१ साली दहा हजार रुपये उसने घेऊन सुरू झालेली इन्फोसिस, गॅरेजमधलं ॲपल वगैरे उदाहरणं झाली. टाळ्या झाल्या. शेवटी "थिंक डिफरंट" म्हणून ते निघून गेले आणि आम्ही मेसला गेलो.

खरं सांगू? त्या दीड तासात मला जे समजलं नाही ते मेसच्या ताटात समजलं. त्या दिवशी भात जरा बरा झाला होता, मोकळा आणि बारीक. मी सहज मावशींना विचारलं, हा कोणता तांदूळ? मावशी म्हणाल्या, "हा एचएमटी व्हय ताई. रोजच तर खाता तुमी!" एचएमटी म्हणजे ते घड्याळवालं का, असं मी विचारल्यावर सगळ्या पोट्ट्या हसल्या. मी कॉन्व्हेंटची. धान आणि तांदूळ यातला फरक मला फर्स्ट इयरला हॉस्टेलमध्ये आल्यावर कळला, त्यामुळे हसण्याची सवय आहे. पण गंमत म्हणजे माझा प्रश्न बरोबर निघाला. तांदळाचं नाव खरंच घड्याळावरून पडलेलं आहे.

आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं एक गाव आहे (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे). तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ साली त्यांच्या बांधीत 'पटेल-३' जातीचं धान उभं होतं. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग पिवळसर, दाणा बारीक. आपण असतो तर मोबाईलवर फोटो काढून पुढे गेलो असतो. त्यांनी त्या लोंब्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आणि पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध वेगळ्या पेरल्या. रानडुकरांनी खाऊ नये म्हणून भोवती काट्यांचं कुंपण केलं. जे आलं त्यातलं चांगलं निवडलं, परत पेरलं, परत निवडलं. असं वर्षानुवर्षं. विज्ञानाच्या भाषेत याला सिलेक्शन म्हणतात. त्यांच्याकडे लॅब नव्हती, फक्त डोळे आणि धीर होता.

१९९० च्या सुमारास हे धान गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्यांनी लावलं आणि तळोधीच्या बाजारात आलं. व्यापाऱ्याला माल आवडला, पण त्याला नाव नव्हतं. त्या काळात एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे केवढी प्रतिष्ठा! झालं, नाव पडलं एचएमटी. हा तांदूळ विदर्भातून छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्रापर्यंत गेला. बियाणं विकणारे, धान विकत घेणारे, राईस मिलवाले, किराणा दुकानदार, सगळ्यांच्या गल्ल्यात त्या तीन लोंब्यांमधून आलेले पैसे पडले. (घड्याळाचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. तांदूळ मात्र चालूच आहे.)

आणि दादाजी? १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची 'पीकेव्ही एचएमटी' ही जात बाजारात आली. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही ते वाण शुद्ध केलं. दादाजींचं म्हणणं, मूळ वाण माझं. मला वाटतं दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शुद्धीकरण हेही काम आहेच. पण आईचं नाव न लावता बाळाचं बारसं करायचं, हे काही बरोबर नाही. दादाजींना मान मिळाला, नाही असं नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने त्यांचं नाव ग्रामीण उद्योजकांच्या यादीत छापलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले. शेवटच्या आजारपणात पैशांची चणचण होती, हे तेव्हा पेपरात आलं होतं. आयडियातून संपत्ती तयार झाली, पाहुणे म्हणाले तशीच झाली. फक्त ती ज्याची आयडिया त्याच्याकडे आली नाही.

का नाही आली? मी थोडं वाचलं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात वनस्पतीला किंवा बियाण्याला पेटंट मिळत नाही. शेतकऱ्याने तयार केलेलं वाण त्याच्या नावावर नोंदवता येईल असा कायदा झाला २००१ साली. तोपर्यंत एचएमटी घरोघर शिजत होता! म्हणजे आयडियाला किंमत येते ती कागदावर येते, आणि कागद उशिरा आला तर किंमत दुसऱ्याच्या खिशात. आपल्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद आहे. तिला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळाला. त्यामुळे ते नाव आता तिथल्या नोंदणी झालेल्या उत्पादकांचं. उद्या कुणी दुसरीकडची हळद 'वायगाव' म्हणून विकली तर त्याला अडवता येतं. टॅग लावला की भाव आपोआप चढतो असं नाही, पण निदान नाव तरी घरात राहिलं.

आता थोडं वर्ध्याकडे येते. आपण येणाऱ्या पाहुण्यांना सेवाग्राम दाखवतो, मगनवाडीतलं मगन संग्रहालयही दाखवतो. १९३८ मध्ये गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. तिथले चरखे बघून आपण "वा" म्हणतो आणि सेल्फी काढतो. मीही काढली आहे. पण त्या चरख्यांमागे एक डिझाईन कॉम्पिटिशन होती हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळातले एक लाख! देशातला-परदेशातला कुणीही भाग घेऊ शकत होता. अटी वाचून माझी तर झोप उडाली. साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. बाईला फार श्रम न होता आठ तास चालवता आला पाहिजे. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघालं पाहिजे. मी हिशोब केला, मिनिटाला जवळजवळ १० मीटर. किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य २० वर्षं, वर्षाचा दुरुस्तीखर्च किंमतीच्या ५ टक्क्यांच्या आत.

मशीन डिझाईनच्या पेपरात एवढं स्वच्छ प्रॉब्लेम स्टेटमेंट मी पाहिलेलं नाही. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही, कारण सगळ्या अटींत बसणारा चरखा आलाच नाही. "जवळपास जमलंय, देऊन टाका" असं त्यांनी केलं नाही. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं.

आता जरा घरचं धुणं. गेल्या सेमिस्टरमध्ये आमच्या ग्रुपला मिनी प्रोजेक्ट कॉम्पिटिशनमध्ये पहिला नंबर मिळाला, हे तुम्हाला माहीत आहे. ते किट आम्ही नागपूरहून एका दुकानातून रेडीमेड आणलं होतं, हे बहुतेकांना माहीत नसेल. आम्ही फक्त बॉडीला निळा रंग दिला आणि रिपोर्टचं कव्हर बदललं. प्रेझेंटेशन मी दिलं, कारण माझं इंग्लिश चांगलं आहे. प्रेझेंटेशनला मार्क होते ४०, 'नावीन्य'ला १०.

त्याच कॉम्पिटिशनमध्ये आर्वीकडचा आमच्या वर्गातला एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचा कापूस बाजारात ओला ठरवून व्यापाऱ्याने भाव पाडला होता. हात घालून बघितलं आणि म्हणाला, ओला आहे. मशीन नाही, काही नाही. आपला कापूस खरंच किती ओला, हे शेतकऱ्याला घरीच कळावं म्हणून या मुलाने एक यंत्र बनवलं. कापसात ओलावा वाढला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, तो दोन सळयांनी मोजायचा. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापला जातो आणि १२ च्या वर गेला की माल परत, म्हणून त्याच्या डायलवर ८ आणि १२ वर लाल खुणा होत्या. पण परीक्षकांसमोर काटा नुसता नाचत राहिला. तो मराठीत समजावून सांगायला लागला तेव्हा एकाने घड्याळ बघितलं. त्याला कन्सोलेशनसुद्धा मिळालं नाही.

स्टाफमधले सर-मॅडम हे वाचतील, कदाचित रागावतीलही. पण मला सरळ विचारायचं आहे: आपण मार्क कशाला देतो? चालणाऱ्या विकतच्या वस्तूला की न चालणाऱ्या स्वतःच्या वस्तूला? मला वाटतं निदान स्पर्धेच्या आधी अटी जाहीर करा, त्या १९२९ च्या यादीसारख्या. काय मोजायचं, किती खर्चात, कुणाला वापरता आलं पाहिजे. मग माझं इंग्लिश मला वाचवू शकणार नाही. आणि फायनल इयरचे प्रोजेक्ट दुकानातून येतात हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही, तेही बंद होईल. थोडं तरी.

त्या मुलाला मी मागच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये गाठलं आणि फायनल इयरला तुझ्या ग्रुपमध्ये घेशील का असं विचारलं. तो आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, काटा का नाचतो ते मला कळलंय, कापूस किती दाबला त्यावर रीडिंग बदलतं. दाब सारखा ठेवायला हवा. "तू एक काम कर. वेगवेगळ्या ओलाव्याचे वीस नमुने पाहिजेत. वजन करून, ओव्हनमध्ये सुकवून, परत वजन करून. जमेल?"

जमेल म्हटलं. केमिस्ट्री लॅबचा ओव्हन शनिवारी दुपारी मिळणार आहे, आणि हॉस्टेलच्या गच्चीवर सध्या जो कापूस पसरलेला दिसतोय तो माझा आहे. कृपया कुणी त्याच्या उश्या करू नका.