बाटली खाटेपाशी हवी

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ च्या मे महिन्यात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनांवर आले. आज हे न शिकलेली सिस्टर किंवा रेसिडेंट आपल्याकडे सापडायचा नाही. तरीही एका रुग्णाची नाडी पाहिलेले हात तसेच पुढच्याच्या सलाइनला लागतात, आणि आपण उपाय म्हणून आणखी एक व्याख्यान ठेवतो. दोष वॉर्डाच्या मांडणीत आहे, असे आमचे ठाम मत आहे.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पित्ते यांच्या चमूला कामाचा रेटा जितका अधिक, तितकी हातांची स्वच्छता कमी, असे आढळले. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. तासात वीस वेळा धुवायचे तर बेसिनची ये-जा सोडूनही तेरा ते वीस मिनिटे त्यातच जातील. ‘वेळ नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी आहे, तिला आळस म्हणणे अन्यायाचे. अल्कोहोलयुक्त हँडरबला २० ते ३० सेकंद पुरतात आणि तो खाटेपाशी ठेवता येतो. जिनिव्हात तेच केले, जोडीला फलक लावले, निरीक्षणाचे आकडे कर्मचाऱ्यांना कळवले. १९९४ च्या डिसेंबरात ४८ टक्के असलेले हातांच्या स्वच्छतेचे पालन तीन वर्षांत ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयातील संसर्ग १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर उतरला. तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा सगळे श्रेय हातांना देता येत नाही. पण एवढी घसरण दुर्लक्षिण्यासारखीही नाही. खटकते ते वेगळेच: सुधारणा परिचारिकांत झाली, डॉक्टर मात्र मागेच राहिले.

ग्लोव्हज घातले की झाले, असे अनेकजण मानतात. ग्लोव्हजना बारीक छिद्रे असू शकतात, काढताना हात माखतात, आणि तीच जोडी घालून दुसऱ्या खाटेकडे गेले तर संरक्षण फक्त घालणाऱ्याचे. त्वचा कोरडी पडते ही अडचण रास्त आहे. म्हणून ग्लिसरीन असलेला हँडरब निवडावा, सतत साबण वापरण्यापेक्षा तो त्वचेला सोसतो. मात्र हात दिसण्याइतके मळले असतील, किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचा जुलाब असेल, तर साबण-पाणीच हवे, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. म्हणून बेसिनला पाणी आणि कोरडा टॉवेलही हवाच. राउंडला सर्वांत पुढे असणाऱ्या सरांनी किंवा मॅडमनी पहिल्या खाटेपाशी हात चोळले नाहीत, तर मागचे रेसिडेंटही चोळत नाहीत. वैद्यकीय अधीक्षकांनी या महिन्यात एवढे तरी लेखी ठरवावे: रात्रपाळीत रिकामी झालेली बाटली कोण भरणार, आणि स्टोअरची किल्ली तेव्हा कोणाकडे असणार.