रिपोर्ट बरोबर, औषध बरोबर. मग गुण का येत नाही?

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या वडिलांची जाडजूड फाइल घेऊन दवाखान्यात आले. वडील ऐंशीच्या घरातले. पाय घसरून खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली होती आणि ती उत्तम झाली होती. मात्र घरी येताना लघवीची नळी तशीच राहिली होती. ती कधी काढायची हे कोणी सांगितले नव्हते आणि यांनीही विचारले नव्हते. पुढच्या दोन महिन्यांत आजोबांना तीन वेळा थंडी वाजून ताप आला. प्रत्येक वेळी लघवी तपासली, जंतू निघाले, रिपोर्टात ज्या औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’ असे लिहिले होते तेच औषध दिले गेले. ताप उतरला, आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा चढला. चिरंजीवांचे म्हणणे एकच होते, “डॉक्टरसाहेब, आता पैशाकडे बघू नका. सगळ्यात भारी अँटिबायोटिक लिहा.”

त्या दिवशी आजोबांना ताप नव्हता. मी औषध लिहिले नाही. “नळी कशासाठी ठेवली आहे?” एवढेच विचारले. त्यावर घरातल्या कोणालाच उत्तर देता आले नाही.

वाचकहो, तिन्ही रिपोर्ट खोटे नव्हते आणि औषधेही बनावट नव्हती. घोटाळा निराळ्याच ठिकाणी आहे. प्रयोगशाळेत लघवीतले जंतू काचेच्या बशीत, त्यांना आवडेल अशा खाद्यावर वाढवतात. त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत ते औषध लागू पडेल, असा निष्कर्ष काढतात. पद्धत चांगली आहे आणि आम्हा डॉक्टरांना तिचा रोज उपयोग होतो. पण बशीतले जंतू सुटे असतात, पोटभर खाल्लेले असतात आणि भराभर वाढत असतात. नळीच्या आत राहणाऱ्या त्यांच्याच भावंडांची राहणी अगदी वेगळी असते.

ती राहणी कशी, हे समजायला सूक्ष्मदर्शक नको. आठ दिवस न घासलेल्या माठात हात घालून पाहा. आतून जो बुळबुळीत थर लागतो तो बहुतांशी जंतूंचाच. जंतू भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या जातीचे, प्रथिनांचे चिकट द्रव्य सोडतात. त्या लगद्यात सगळे मिळून राहतात. इंग्रजीत याला बायोफिल्म म्हणतात, आपण जंतूंची वस्ती म्हणू. माठातले पाणी दहा वेळा बदलले तरी तो थर जात नाही, माठ घासावाच लागतो. हे आपल्या घरातल्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. वैद्यकशास्त्राला मात्र बराच वेळ लागला. बिल कॉस्टरटन या शास्त्रज्ञाने १९७८ साली आपल्या सहकाऱ्यांसह लिहिले की, निसर्गात जंतू सुटे फिरण्यापेक्षा असे चिकटूनच राहतात. तेव्हापासून डॉक्टरमंडळी या गोष्टीकडे हळूहळू लक्ष देऊ लागली.

खरे तर पहिला पुरावा त्याच्याही तीनशे वर्षे आधीचा आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने स्वतःच्या दातांवरचे किटण आपल्या भिंगाखाली ठेवले. त्यात वळवळणारे जीव पाहून त्याने १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. त्याने व्हिनेगरने दात धुऊनही पाहिले. किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले जिवंत राहिले! चूळ भरण्याच्या रंगीत बाटल्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या बाटल्या ब्रशची जागा घेऊ शकत नाहीत, थर घासूनच काढावा लागतो. तो कडक होऊन दगडासारखा झाला असेल तर दंतवैद्याकडूनच. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही समजूत चुकीची आहे. आधीच सैल झालेले दात किटणाने धरून ठेवलेले असतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि मशेरीने दात स्वच्छ होतात असे म्हणणाऱ्या माझ्या भगिनींशी मी कितीतरी वर्षे भांडतो आहे. मशेरी म्हणजे तंबाखूच.

आता या वस्तीची गंमत पाहा. एकट्यादुकट्या जंतूने घर बांधायला घेतले तर त्याची सारी शक्ती त्यातच जाईल. म्हणून पुष्कळ जातींचे जंतू आधी आपण किती जण जमलो याचा अंदाज घेतात. प्रत्येक जण एक रासायनिक पदार्थ थोडा थोडा बाहेर सोडत राहतो. गर्दी वाढली की त्या पदार्थाचे प्रमाणही वाढते. ते ठरावीक पातळीच्या वर गेले की सगळे एकदम कामाला लागतात. कोणी विष तयार करतात, कोणी चिकट द्रव्य. अमेरिकेत १९७० साली नील्सन आणि हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या प्रकाशणाऱ्या जंतूंवर हे दाखवले. जंतू थोडे असेपर्यंत भांड्यात अंधार, पुरेसे झाले की एकदम उजेड. हवाई बेटांच्या किनाऱ्यावरील एक लहानसे माकूल असे जंतू अंगात पाळते. रात्री त्यांच्या उजेडामुळे त्याची खालून दिसणारी सावली पुसली जाते, आणि पहाट झाली की बहुतेक जंतू ते बाहेर टाकून देते. पुढे बॉनी बॅसलर या संशोधक बाईंनी दाखवले की, काही निरोप असे असतात की ते वेगवेगळ्या जातींच्या जंतूंनाही समजतात.

या प्रकाराला १९९४ साली जे नाव पडले त्यात सभेच्या ‘कोरम’चा, म्हणजे आपल्या गणपूर्तीचाच शब्द आहे. आपल्या ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात. जंतूंच्या सभा सहसा होत नाहीत.

सगळ्यांची रीत मात्र एक नाही. पटकीचा जंतू उलटे वागतो. आतड्यात संख्या कमी असताना तो चिकटतो आणि विष सोडतो. गर्दी झाली की पकड सैल करून जुलाबावाटे बाहेर पडतो, दुसऱ्याच्या घरी जायला मोकळा! पाण्यात असताना तो बारीक जलचरांच्या अंगावर वस्ती करून राहतो. म्हणूनच बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळून घेतल्यावर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला आहे. आपल्याकडच्या पाणी गाळण्याच्या चालीला यामुळे मान मिळाला, पण म्हणून उकळणे सोडू नये. शिवाय नळाला महिनोन्‌महिने बांधलेले तेच फडके स्वतःच वस्ती बनते, ते रोज धुऊन उन्हात वाळवावे.

वस्तीतल्या जंतूंवर औषध का चालत नाही? एक तर काही औषधे त्या लगद्यातून आत पोचेपर्यंत थकतात. पण हे कारण वाटते तेवढे मोठे नाही, कित्येक औषधे आरामात आत जातात. मोठे कारण असे की, आतल्या थरातले जंतू अर्धपोटी असतात आणि जवळजवळ वाढतच नाहीत. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे जंतूला त्याची बाहेरची भिंत नीट बांधू देत नाहीत. ज्या गवंड्याने कामच बंद ठेवले आहे त्याची थापी पळवून काय साधणार? जोसेफ बिगर या आयरिश जंतुशास्त्रज्ञाने १९४४ सालीच पाहिले होते की, पेनिसिलिनने जवळजवळ सारे जंतू मेले तरी काही मोजके टिकून राहतात. त्या उरलेल्यांना पुन्हा वाढवले तर त्यांची प्रजा पेनिसिलिनने पहिल्यासारखीच मरते. म्हणजे ते औषधाला सरावलेले नव्हते, फक्त निजलेले होते. वस्तीत अशा निजलेल्यांची सोय चांगली होते. सुट्या जंतूंना पुरणाऱ्या औषधाच्या शेकडो पट, कधी हजार पट मात्रा वस्तीला लागते, आणि तेवढी माणसाला देता येत नाही.

आजोबांचे तेच झाले. औषधाने लघवीतले सुटे जंतू मेले, ताप उतरला, रिपोर्ट खरा ठरला. नळीतली वस्ती तशीच राहिली आणि औषध थांबताच तिने नवे जंतू सोडले. एवढेच झाले असते तरी बरे होते. प्रत्येक फेरीत पोटातल्या आणि नळीतल्या जंतूंना त्या औषधाची ओळख होते. दाटीने राहणारे जंतू औषध पचवण्याची विद्या शेजाऱ्यालाही देतात. मग एक दिवस रिपोर्टात ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्दच सापडत नाही. २०१९ या एका वर्षात, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली असा अंदाज ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला आहे. त्यात नळी घेऊन घरी आलेले आजोबा किती, हे कोणी मोजलेले नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. लघवीच्या नळीचा सगळ्यात चांगला उपचार म्हणजे ती काढणे. नळी असताना दररोज शंभरातल्या तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्या. त्यामुळे नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणे ही बातमीच नव्हे. लघवी गढूळ दिसली, वास आला, एवढ्यावरून तपासणी करू नये आणि औषधही देऊ नये. ताप, थंडी, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणे, ग्लानी असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. अशा वेळी नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलावी, नव्या नळीतून लघवी तपासायला घ्यावी आणि मग औषध सुरू करावे. जुन्या नळीतून घेतलेला नमुना म्हणजे त्या वस्तीचा नमुना.

नळी का राहते हेही मला ठाऊक आहे. रात्री तीनदा उठून म्हाताऱ्या माणसाला भांडे द्यायचे, चादर बदलायची, हे काम बहुधा सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला येते. नळी असली की तिला झोप मिळते. तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण याला दुसरे मार्ग आहेत. पुरुषांना बाहेरून लावायची पिशवी मिळते, डायपर आहेत, दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून लगेच काढण्याची रीत घरच्यांना शिकता येते. प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल तर गोळ्या सुरू करून नळी काढून पाहता येते. काहींना नळी खरोखरच लागते. त्यांची पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता टांगावी, जोड वारंवार उघडू नये, हात लावण्याआधी व नंतर साबणाने धुवावेत.

आमच्या धंद्यालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहिण्याचे पाप मीही केले आहे. रुग्ण नाराज होऊन शेजारच्या दवाखान्यात जाईल ही भीती त्यामागे होती. ‘कोर्स पूर्ण करा’ हा आमचा जुना मंत्रही आता जसाच्या तसा राहिलेला नाही. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तज्ज्ञांनीच त्यावर शंका घेतली, आणि कित्येक आजारांत थोडे दिवसही पुरतात असे दिसते. पण किती दिवस ते डॉक्टरने ठरवायचे. क्षयाची औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, ती बरे वाटले म्हणून सोडणाऱ्यांची गत मी पाहिली आहे. औषधविक्रेत्यांसाठी १ मार्च २०१४ पासून नियम आहे की, ठरावीक भारी औषधे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपायची. आपल्या गल्लीतल्या दुकानात ती वही कधी उघडली जाते का, हे वाचकांनीच पाहावे.

आजोबांची नळी त्यांच्या सर्जनशी फोनवर बोलून सकाळी काढली. दुपारपर्यंत घरातले सगळे धास्तावलेले होते, मीही थोडा होतो. तीनच्या सुमारास आजोबांना आपणहून लघवी झाली. त्यानंतर दिवाळीपर्यंत ताप आला नाही. चिरंजीवांनी जे भारी इंजेक्शन आधीच आणून फ्रिजमध्ये ठेवले होते, ते दुकानदाराने परत घेतले नाही.

आपल्या घरी कोणी नळी घेऊन येणार असेल तर दवाखान्यातून निघताना ती का घातली आणि कोणत्या तारखेला काढायची, हे विचारून फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून घ्या.