टाकी नव्हे, नळ बघा!

मैत्रिणींनो, आज स्वयंपाकघरातून जरा पडवीत यायचे आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या पडवीत, नाहीतर मागच्या खोलीत, छोटासा कारखाना असतो. कुणी लाकडी खेळणी रंगवते, कुणी पणत्या, कुणी गणपती. काम वाढले की हाताला वेग हवा असतो, आणि मग घरात पहिले मोठे यंत्र येते ते हवेचे, म्हणजे एअर कॉम्प्रेसर. तो निवडताना माझ्याकडून एक चूक झाली आणि तिची किंमत माझ्या धाकट्या जावेने मोजली. म्हणून आज हा विषय.

आमचे सासर पेणजवळचे. हमरापूर, जोहे ह्या बाजूला घरोघरी गणपतीचे कारखाने. माझी जाऊ लग्नाआधीपासून डोळ्यांची आखणी करते. दिरांची नोकरी गेली तेव्हा तिने ठरवले, की दुसऱ्यांच्या मूर्ती रंगवण्यापेक्षा आपल्याच पडवीत दीडशे मूर्ती करायच्या. बचत गटाचे कर्ज काढले. ब्रशने शेडिंग करत बसले तर गणपती उठायच्या आत काम व्हायचे नाही, म्हणून गन आणि कॉम्प्रेसर घ्यायचे ठरले. मला विचारायला आली, "ताई, तुम्ही शिकलेल्या. कसला घेऊ?"

आता मला काय ठाऊक! पण वडीलकीचा मान मिळाला की गप्प बसवते का? मी म्हटले, "अगं, टाकी मोठी बघ. हवा जास्त राहील." तिने माझे ऐकले. एके ठिकाणी जुना कॉम्प्रेसर स्वस्तात मिळाला. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, पण टाकी चांगली ५० लिटरची. आम्ही दोघी खूश!

आषाढात शेडिंग सुरू झाले. पाच मिनिटे गन झकास चाले, मग फुसफुस करून रंगाचे थेंब टाकू लागे. की थांबा चार-पाच मिनिटे, हवा भरेपर्यंत. मोटर बिचारी बंद म्हणून होत नव्हती. हात लावला तर चटका बसे. त्यातच एक दिवस गनमधून रंगाबरोबर पाणी उडाले आणि बारा मूर्तींच्या पीतांबरावर डाग पडले. त्या पुन्हा पांढऱ्या करून रंगवाव्या लागल्या. दहा ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत. जाऊ मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

हौद आणि नळ

मी शाळेत तासिकेवर गणित शिकवते. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो, तर किती वेळ लागेल, ही गणिते फळ्यावर शेकडो वेळा सोडवली असतील. पण कॉम्प्रेसर म्हणजे तेच गणित आहे हे डोक्यात आले नाही! टाकी हा हौद. मोटरवरचा पंप हा भरणारा नळ. गन हा रिकामा करणारा नळ. हौद कितीही मोठा असला तरी बारीक नळाने तो भरत राहात नाही. मोठी टाकी फक्त थोडा वेळ निभावून नेते.

आता आकडे बघा. मूर्तींच्या शेडिंगची लहान गन मिनिटाला साधारण ३ घनफूट हवा खाते. एक घनफूट म्हणजे २८ लिटर, म्हणजे झाली मिनिटाला ८५ लिटर. आमचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप देत होता मिनिटाला जेमतेम ५० लिटर. मिनिटाला ३५ लिटरची तूट. टाकीतली शिल्लक पाच-सहा मिनिटांत संपणार नाही तर काय होईल?

म्हणून दुकानात जाण्याआधी एवढेच ठरवा, की आपल्या अवजाराला मिनिटाला किती हवा लागते. ते गनच्या खोक्यावर लिहिलेले असते. पेनासारखा बारीक एअरब्रश असेल तर अर्धा ते एक घनफूट पुरते. लहान गनला २ ते ४ घनफूट. कपाटे-टेबले रंगवायच्या मोठ्या गनला ८ ते १२ घनफूट लागतात. तो घरच्या पडवीतला खेळ नव्हे. जो आकडा येईल त्याच्या दीडपट हवा देणारा पंप घ्या, म्हणजे मोटरला मधूनमधून उसंत मिळते. बहुतेक छोटी मशिने सतत चालण्यासाठी केलेली नसतात. दहा मिनिटांत पाच मिनिटे चालणे आणि पाच मिनिटे थांबणे, एवढाच त्यांचा वकूब.

घड्याळ लावून बघा

इथे एक मेख आहे. खोक्यावर दोन आकडे असू शकतात. 'डिस्प्लेसमेंट' म्हणजे पिस्टन हिशेबाने ओढतो ती हवा. 'फ्री एअर डिलिव्हरी' म्हणजे खरोखर हातात पडते ती. दुसरा आकडा पहिल्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. दुकानदार अर्थातच मोठा आकडा सांगतो! साधारण अंदाज असा, की घरगुती पिस्टनचा कॉम्प्रेसर एका हॉर्सपॉवरला ३ ते ४ घनफूट देतो.

पण अंदाजावर कशाला जायचे? आपण दूधवाल्याचे माप तपासतो, तसे हेही तपासता येते. दुकानदाराला मशीन लावून दाखवायला सांगा. टाकीचे तोंड बंद ठेवा. गेजचा काटा ४ किलोवर आला की घड्याळ बघा, ६ किलोवर गेला की पुन्हा बघा. टाकीचे लिटर गुणिले दोन, एवढी हवा तेवढ्या वेळात भरली. ५० लिटरच्या टाकीत १०० लिटर. आमच्या जुन्या मशीनला त्याला दोन मिनिटे लागली, म्हणजे मिनिटाला ५० लिटर. हे मी आधी केले असते तर!

पाणी कुठून आले?

कोकणातली पावसाळी हवा किती ओली असते ते मिठाच्या बरणीला विचारा. ती हवा दाबली की तिच्यात वाफ मावत नाही, टाकीत पाणी होऊन साठते. अशा दमट दिवसांत तासभर मशीन चालवले तर अर्धा-पाऊण कप पाणी सहज जमते. त्यासाठी टाकीच्या बुडाला एक चावी असते. रोज काम संपले की टाकीतली हवा सोडून ती चावी उघडायची. आम्ही ती पहिल्यांदा उघडली तेव्हा गंजाचे तांबडे पाणी आले. आतून गंजलेली टाकी पातळ होते आणि दाबाने फुटूही शकते, म्हणून जुनी टाकी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर आणि दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर बसवाच. तेलाचा पंप असेल तर तेलाचा अंशही हवेत येतो. रंगावर माशाच्या डोळ्यासारखी भोके पडली तर ते तेल समजा.

मग बिनतेलाचा घ्यावा का? हवा स्वच्छ मिळते, वजन कमी, पण त्यातले स्वस्त प्रकार कानठळ्या बसवतात. दाताच्या दवाखान्यात असतात तसे शांत बिनतेलाचे यंत्रही मिळते, ते महाग. पट्ट्यावर चालणारा तेलाचा पंप सावकाश फिरतो, कमी तापतो, पुष्कळ वर्षे टिकतो. फक्त तेलाची पातळी बघायची आठवण ठेवावी लागते. ज्यांच्या भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत त्यांनी आवाज ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरातली वीज आणि घरातली मुले

दीड हॉर्सपॉवरची मोटर सात-आठ अँपिअर घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तेव्हा तिला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि चांगले अर्थिंग हवे. मिक्सरच्या बटणावर लावू नका. लांब, बारीक वायरीची एक्स्टेंशन नको. मोटरला वीज कमी पडून ती जळते. वायरीऐवजी हवेची नळी लांब घ्या. मोटर बंद होताना 'फुस्स' असा आवाज आला पाहिजे; पंपावरचा दाब सुटल्याची ती खूण आहे. तो येत नसेल तर पुढच्या वेळी मोटर गुरगुरेल, फ्यूज जाईल.

सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून बघा, आणि तो गळतो म्हणून कुणी बंद करू लागले तर करू देऊ नका. आणखी एक. माझा पुतण्या गनची हवा अंगावर मारून धूळ उडवत होता. मी त्याच्या हातातून गन ओढून घेतली. ह्या हवेने डोळा जाऊ शकतो, कानाचा पडदा फाटू शकतो, जखमेतून हवा आत शिरते. मुलांना हे गमतीतसुद्धा करू देऊ नका. रंगवताना तोंडाला चांगला मास्क हवा, पदर पुरत नाही.

यंदा आम्ही दोघी पुन्हा दुकानात गेलो. ह्या खेपेला मी काही बोलले नाही, फक्त मनगटावरचे घड्याळ बघत उभी राहिले. दीड हॉर्सपॉवर, टाकी तेवढीच ५० लिटरची. ४ वरून ६ वर काटा ४५ सेकंदांत गेला. मिनिटाला १३३ लिटर! जाऊ हळूच म्हणाली, "ताई, हे तर तुमच्या हौदाचंच गणित." मागच्या मशीनचा अर्धा तोटा मी माझ्या पगारातून भरला, ती नको नको म्हणत होती, पण सल्ला माझा होता.

दीडशे मूर्ती वेळेवर गेल्या. गटाचे कर्ज अजून फिटायचे आहे, पण हप्ता चुकलेला नाही. संध्याकाळी काम संपले की पुतण्याच टाकीखाली जुने पातेले ठेवून चावी उघडतो. पाणी आता स्वच्छ येते.