अभिजात शिक्षण : कोणासाठी?

अमेरिकेतील एखादी कॅथलिक शाळा बंद पडली, या बातमीत आता नावीन्य उरलेले नाही. गेल्या साठ वर्षांत तेथे अशा हजारो शाळांना कुलपे लागली. नावीन्य आहे ते त्याच समाजात नव्या माध्यमिक शाळा निघत आहेत यात. आणि त्याहून अधिक, या शाळा काय शिकवू म्हणतात यात. धंदेशिक्षण आणि संगणक यांचा घोष सर्वत्र चालू असताना या शाळा होमर आणि प्लेटो, युक्लिड आणि संत ऑगस्टीन, तर्कशास्त्र आणि वक्तृत्व यांची नावे घेऊन उभ्या राहत आहेत. त्या धर्मप्रांताच्या मालकीच्या नाहीत, कोणा संन्यासी संघाच्या नाहीत, आणि सरकारच्या तर नाहीतच. काही पालक एकत्र येतात, विश्वस्त मंडळ स्थापतात, मिळेल ती जागा घेतात आणि मूठभर मुलांना घेऊन पहिला वर्ग सुरू करतात. १९८३ च्या चर्च-संहितेनुसार शाळेने स्वतःला ‘कॅथलिक’ म्हणवावयाचे तर धर्माधिकाऱ्यांची संमती लागते. ती मिळविली की उरलेला सारा भार पालकांच्या खांद्यावर असतो.

या खटाटोपाला गतकालाचे वेड म्हणून हिणवणे सोपे आहे. संस्कृतीचे पुनरुत्थान म्हणून त्याचा गौरव करणेही तितकेच सोपे आहे. परंतु जे राष्ट्र उपयुक्ततेचे माहेरघर समजले जाते तेथील सुशिक्षित मध्यमवर्गाला आपल्या मुलांनी लॅटिन शिकावे असे का वाटू लागले, हा प्रश्न या दोन्ही सोप्या उत्तरांनी सुटत नाही.

पायाचे दगड निखळले

१८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने, प्रत्येक चर्चच्या जोडीला दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहिलीच पाहिजे, असा दंडक घातला. त्या काळच्या सरकारी शाळांवर प्रॉटेस्टंट पंथाची छाप होती आणि आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंड येथून आलेल्या गरीब कॅथलिक स्थलांतरितांना आपली मुले तेथे परकी होतील अशी धास्ती होती. ही धास्ती अनाठायी नव्हती. १९२२ साली ऑरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा केला. एका कॅथलिक भगिनीसंघाने त्याला आव्हान दिले आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. मूल ही राज्याची मालमत्ता नव्हे, त्याच्या घडणीचा अधिकार आईबापांचाही आहे, हे तत्त्व त्या निकालाने अमेरिकेत रुजविले. आजच्या स्वतंत्र शाळा कायद्याच्या ज्या भूमीवर उभ्या आहेत ती त्या भगिनींनी मिळवून दिलेली आहे.

१९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास या शाळांत सुमारे बावन्न लक्ष मुले शिकत होती आणि शाळांची संख्या तेरा हजारांच्या घरात होती. हा प्रचंड प्रपंच कोणाच्या जिवावर चालला होता? तो जवळजवळ विनावेतन राबणाऱ्या संन्यासिनींच्या जिवावर चालला होता. १९६५ साली अमेरिकेत त्यांची संख्या एक लक्ष ऐंशी हजारांच्या आसपास होती. आज ती चाळीस हजारही नाही. त्यांची जागा पगारी शिक्षकांनी घेतली तेव्हा शिक्षणाचा खरा खर्च प्रथमच हिशेबाच्या वहीत दिसू लागला. फी वाढली, सुस्थित कुटुंबे शहर सोडून उपनगरांत गेली आणि गरीब वस्त्यांतील शाळांवर पहिली कुऱ्हाड पडली. आज सुमारे सहा हजार शाळा आणि सतरा लक्ष विद्यार्थी उरले आहेत.

ज्या शाळा तगल्या त्यांच्यापुढे निराळाच पेच उभा राहिला. पुस्तके तीच, परीक्षा त्याच, ध्येयही तेच; मग सकाळची प्रार्थना आणि धर्माचा एक तास एवढ्यासाठी पालकांनी पदरमोड का करावी? पहिला पेच पैशाचा होता, हा प्रयोजनाचा होता. अभिजात शिक्षणाची चळवळ ही या दुसऱ्या पेचाला दिलेले उत्तर आहे.

व्याकरण, तर्क, वक्तृत्व

या चळवळीचे मूळ ज्या निबंधात दाखविले जाते तो डोरोथी सेअर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्ड येथे वाचला. रहस्यकथांसाठी ख्यातनाम असलेल्या या विदुषीचे म्हणणे थोडक्यात असे की, आपण मुलांना विषय शिकवितो, पण शिकावे कसे हे शिकवीत नाही. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही त्रयी प्रथम शिकवीत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि ज्योतिष ही चतुष्टयी तिच्या मागून येई. ती त्रयी म्हणजे विद्येची हत्यारे होत आणि ती आपण हरवून बसलो आहोत, अशी त्यांची तक्रार होती.

मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये. आपल्या पाठशाळांतही व्याकरण, न्याय आणि अलंकार यांच्या वाटेनेच विद्यार्थी शास्त्रांकडे जात असे. शब्द शुद्ध असावा, विचार सुसंगत असावा आणि दोन्ही इतरांच्या मनाला भिडतील अशा रीतीने मांडता यावेत, ही अपेक्षा युरोपची किंवा आर्यावर्ताची मिरास नव्हे. जेझुइटांनी १५९९ साली आपल्या शाळांचा सर्वत्र लागू होणारा अभ्यासक्रम मुक्रर केला तो याच पायावर. त्याला अमेरिकेत मोठा धक्का बसला तो विसाव्या शतकात. १९१८ साली तेथील राष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या आयोगाने माध्यमिक शिक्षणाची जी ध्येये सांगितली त्यांत आरोग्य, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग यांचा प्रामुख्याने विचार होता. सर्वांसाठी शाळा उघडणाऱ्या समाजाच्या दृष्टीने हे स्वाभाविक होते. पण त्यातून एक घातक समजूत रुजली : उच्च विद्या ही थोड्यांसाठी आणि बाकीच्यांना उपजीविकेपुरते पुरे.

नव्या शाळा या समजुतीविरुद्ध उभ्या आहेत, असे त्यांचे चालक म्हणतात. २००८ साली मिनियापोलिसजवळ डेल आल्क्विस्ट आणि त्यांच्या एका स्नेह्याने ‘चेस्टरटन अकॅडमी’ नावाची माध्यमिक शाळा काढली. आज त्या धर्तीच्या साठांहून अधिक शाळा आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आहेत. चारही वर्षे सर्व मुलांना एकच अभ्यासक्रम : ग्रीकांपासून अर्वाचीन काळापर्यंत कालक्रमाने इतिहास आणि वाङ्मय, जोडीला तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, गणित व विज्ञान. चित्रकला आणि गायनही सर्वांना. अंगी गुण असो वा नसो. मेरीलंडमधील हायट्सव्हिल येथे बंद पडू घातलेल्या सेंट जेरोम शाळेने २०१० साली हीच वाट धरली आणि ती तगली. तेव्हा हा केवळ भाबडेपणा आहे, असे म्हणता येत नाही.

त्याग वारशाने मिळत नाही

तथापि दोन गोष्टी नजरेआड करून चालणार नाही. पहिली शिक्षकाची. प्लेटो मुलांपुढे ठेवणे म्हणजे त्याचा सारांश फळ्यावर लिहून देणे नव्हे. प्रश्न विचारीत, उत्तरे तपाशीत, तासन् तास चर्चा पेलणारा माणूस दुर्मीळ असतो, आणि अशा माणसालाही घरभाडे चुकत नाही. नव्या शाळा बहुधा फी आणि देणग्या यांवर चालतात, त्यामुळे उत्साही तरुण शिक्षकांच्या अल्पसंतोषावर त्यांची मोठी भिस्त असते.

हा अनुभव पुण्याने घेतला आहे. १८८० साली चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिचा पाया आजीव सदस्यांच्या तुटपुंज्या वेतनाचा होता. पुढे वेतनवाढ आणि बाहेरची मिळकत याच प्रश्नांवरून मतभेद विकोपाला गेले आणि १८९० साली टिळक संस्थेबाहेर पडले. पहिल्या पिढीचा त्याग दुसऱ्या पिढीला वारशाने मिळत नाही. संन्यासिनी गेल्यावर अमेरिकेतील शाळांना जे कळले तेच या नव्या शाळांच्या संस्थापकांना, त्यांची मुले पदवीधर होऊन बाहेर पडल्यावर, कळणार आहे.

यावरचा एक उपाय सरकारी पैशाचा. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेन राज्याच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, राज्य खाजगी शाळांच्या फीसाठी साहाय्य देत असेल तर केवळ धार्मिक म्हणून कोणत्याही शाळेला ते वगळता येणार नाही. त्याच वर्षी ॲरिझोनाने शालेय खर्चासाठी सरकारी निधीची खाती सर्वच कुटुंबांना खुली केली. ओक्लाहोमात मात्र सरकारी खर्चाने कॅथलिक शाळा चालविण्याचा बेत फसला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयातील मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडल्याने राज्याच्या न्यायालयाचा प्रतिकूल निकाल कायम राहिला. पालकांच्या हाती पैसा येणे स्वागतार्ह आहे. पण सरकारी तिजोरीची सवय लागलेल्या संस्थेचे स्वातंत्र्य किती टिकते, हे अनुदानाच्या फेऱ्यांतून गेलेल्या आपल्याकडील मुख्याध्यापकांना कोणी सांगावयास नको!

दार कोणासाठी

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही विद्या कोणाची? अमेरिकेत या चळवळीभोवती गौरवर्णीय, सनातनी आणि सुस्थित कुटुंबांचे कोंडाळे जमते, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. आधुनिक जगाच्या भयाने मुलांना चिरेबंदी वाड्यात ठेवावयाचे आणि वाड्यावर सॉक्रेटिसाची पाटी लावावयाची, असे झाले तर तो सॉक्रेटिसाचाच उपहास ठरेल. कारण तो भर बाजारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी वाद घालीत असे.

परंतु अभिजात विद्या ही उच्चवर्णीयांची चैन आहे, असे म्हणणाऱ्यांनी ॲना ज्युलिया कूपर यांचे चरित्र आठवावे. गुलामगिरीत जन्मलेल्या या स्त्रीने वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीयांच्या एम स्ट्रीट शाळेत लॅटिन शिकविले, १९०२ साली ती तेथे मुख्याध्यापिका झाली आणि तिचे विद्यार्थी नामांकित विद्यापीठांत जाऊ लागले. १९०६ साली वादंग होऊन तिचे पद गेले. चार वर्षांनी ती त्याच शाळेत लॅटिन शिकवावयास परत आली. कृष्णवर्णीयांना हातकाम पुरे, असा सल्ला सर्व बाजूंनी मिळत असताना डु बॉइस यांनी १९०३ साली उच्च विद्येचा जो हट्ट धरला तो याच जाणिवेने. आणि दूर कशाला जावे? मुंबईच्या शाळेत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून त्याला फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृताचा अभ्यास केला. विद्या निरुपयोगी असती तर तिच्या दाराशी इतका कडक पहारा कोणी ठेवला असता?

ज्या लेखकाचे नाव या शाळांनी घेतले आहे त्याचे आपल्यावर एक अप्रत्यक्ष ऋण आहे. १९०९ साली चेस्टरटनने एका लंडनच्या साप्ताहिकात लिहिले की, हिंदी राष्ट्रवाद्यांच्या मागण्यांत हिंदी असे फारसे काही नाही. ते इंग्रजांचीच संस्था मागत आहेत. गांधीजींनी तो लेख वाचला, तो त्यांच्या मनाला भिडला आणि त्याच वर्षी त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. आपण जे मागतो ते आपले आहे काय, हा त्या लेखाचा प्रश्न आजच्या शाळांनाही लागू पडतो. अमेरिकेतील काही पालकांनी तो निदान स्वतःला विचारला. आपल्याकडे मात्र संस्कृत हा विषय पुष्कळदा निवडला जातो तो शंभर गुणांच्या आशेने, आणि शालान्त परीक्षा संपताच सुभाषितांसह विसरलाही जातो. प्राचीन विद्येचा अभिमान सभेत मिरवावयाचा आणि वर्गात तिचे गुणांत रूपांतर करावयाचे, हा दुटप्पीपणा लॅटिनच्या शाळा काढणाऱ्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला देत नाही.

या नव्या शाळांचे यशापयश लॅटिनच्या तासांवरून ठरणार नाही. तेथील शिक्षकाला सन्मानाने जगण्यापुरते वेतन मिळते काय, आणि धुणीभांडी करणाऱ्या स्थलांतरित बाईचे मूल फीअभावी परत न जाता त्या वर्गात प्लेटोवर प्रश्न विचारते काय, यावरून ते ठरेल. बाल्टिमोरच्या दंडकाने निघालेल्या शाळा अशाच मुलांसाठी होत्या. हा वारसा नव्या शाळांनी राखला नाही, तर त्यांना जुन्या शाळांच्या इमारती मिळतील, त्यांचे पुण्य मिळणार नाही.