दोर कोण धरणार?

या आठवड्यात फोनवर माझा आवाज चढला. पलीकडे एक सहली विकणारे गृहस्थ होते. माझी भाची म्युनिकला नोकरी करते. तिला बर्फाखालचं डायव्हिंग शिकायचंय आणि जागा शोधायचं काम आम्ही दोघींनी वाटून घेतलंय. गृहस्थांनी हॉटेल सांगितलं, सॉना सांगितला, बर्फाखालचे फोटो पॅकेजमध्येच मिळतात हेही सांगितलं. मी विचारलं, "दोर कोण धरणार?" ते म्हणाले, "मॅडम, तिकडे सगळी व्यवस्था असते." मी तेच पुन्हा विचारलं, उत्तरही तेच आलं. आवाज चढला तो तिथे.

भाची डायव्हिंग शिकली तारकर्लीला. तिथल्या कोमट समुद्रात काही बिघडलं तर वर यायचं आणि डोकं पाण्याबाहेर काढायचं, एवढं तरी हाताशी असतं. बर्फाखाली तेही नसतं. करवतीनं कापलेलं एक तिकोनी भोक, तेवढंच दार. तिकोनी अशासाठी की कोपऱ्यात दोन्ही बाजूंना हात टेकून अंग वर उचलता येतं. त्या दारापासून पाणबुड्याच्या अंगावरच्या पट्ट्यापर्यंत एक दोर, आणि दोराचं दुसरं टोक वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात.

जागांचं म्हणाल तर श्वेत समुद्र आणि बैकल ही मोठी नावं, पण दोन्ही रशियात, आणि २०२२ पासून जर्मनीहून तिकडे थेट विमान नाही. शिवाय समुद्राला भरती-ओहोटी असते; पहिला धडा तळ्यातच बरा. फ्रान्समधलं तीन्यचं तळं २१०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर गेलं की डायव्हिंगची सगळी गणितं हवेच्या कमी दाबाप्रमाणे बदलावी लागतात. भाचीनं पँगाँगचंही विचारलं होतं. ते ४२०० मीटरहून उंच, हवेचा दाब आपल्या किनाऱ्यावरच्या साठ टक्क्यांच्या आसपास. शिकण्याची जागा ती नव्हेच. उरलं ऑस्ट्रियातलं वाइसेनझे. उंची ९३० मीटर, म्हणजे थोडं गणित तिथेही आलं, पण हिवाळ्यात ते भरवशानं गोठतं. डच लोकांची अकरा शहरांची स्केटिंगची प्रसिद्ध शर्यत घरच्या कालव्यांवर १९९७ नंतर झालेली नाही. तिची पर्यायी शर्यत ते १९८९ पासून याच तळ्यावर भरवत आलेत.

पण जागा म्हणजे नुसतं तळं नव्हे. तिथे बर्फावर उभी असलेली माणसं ही खरी जागा. खाली गेलेल्याचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र, गोठू शकतो: सिलिंडरमधली दाबलेली हवा सुटताना आणखी थंड होते, आत ओलावा असेल तर त्याचा बर्फ होतो, झडप उघडीच राहते आणि काही मिनिटांत सिलिंडर रिकामा. म्हणून पाण्याबाहेर असताना त्यातून श्वास घेऊन बघायचा नाही, हे पहिल्या दिवशी बजावतात. तरी गोठलाच, तर दोराला सलग झटके द्यायचे आणि वरच्यानं ओढून घ्यायचं. खालचा काय करतोय हे वरच्याला दिसत नाही, त्याला फक्त दोराचा ताण कळतो. आणि दोर सुटलाच तर? हरवलेल्यानं भोक शोधत फिरायचं नाही. वर येऊन बर्फाला लागून थांबायचं. मग राखीव पाणबुड्या जास्त लांबीचा दोर घेऊन उतरतो, हरवलेल्याच्या पलीकडे जातो आणि गोल फेरी मारतो. त्याचा ताणलेला दोर बर्फाच्या खालून फिरत येतो आणि हरवलेल्याला अडतो. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. वरचं बर्फही झाडून ठेवलेलं असतं, भोकापासून चहूकडे, बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारखं. झाडलेल्या पट्ट्यांतून खाली उजेड उतरतो, त्यावर बाण काढलेले असतात, आणि सगळे बाण भोकाकडे.

थंड पाण्यात हेळसांड काय करते ते २०२० मध्ये अमेरिकेतल्या लेक मॅकडोनाल्डमध्ये दिसलं. तळं गोठलेलंही नव्हतं. अठरा वर्षांची मुलगी शिकायला उतरली. अंगात ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा पोशाख, होता, पण त्यात हवा भरणारी नळी जोडलेली नव्हती, आणि अंगावर शिसं नको तेवढं. खोल जाताना सूट आवळत गेला आणि ती वर आलीच नाही. मी ते वाचलंय, म्हणून मला "सगळी व्यवस्था असते" हे उत्तर चालत नाही.

दोराचा विषय निघाला की मी थांबत नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. माझं तारुण्य सह्याद्रीत बिले देण्यात, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून धरण्यात, गेलं. तैलबैलाच्या भिंतीखाली मान वर करून उभं राहायचं, उन्हात डोळे दिपायचे, वरचा चढणारा बाहेरच्या अंगाला गेला की दिसेनासा व्हायचा. मग तळहातातून सरकणारा दोर हेच काय ते बोलणं. तो थांबला की वरच्याला पकड सापडत नाहीये, झपकन सरकला की तो मोकळ्या जागी पोचला. फोटो त्याचा निघायचा, आणि निघावाच. पण चढणारा खाली उतरल्यावर आधी बिले देणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, ही आमच्या क्लबची रीत होती. आज सुळक्यांवर पैसे भरून जाणारी मुलं बिले देणाऱ्याचं नावही विचारत नाहीत, याचं मला मनापासून दुःख होतं. ज्याच्या हातात आपला जीव दिलाय त्याचं नाव माहीत असावं. तो रात्री झोपलाय का, त्यानं यापूर्वी कुणाला धरलंय का, हे विचारण्यात संकोच कसला? मी नवख्यांना आधी महिनोन्महिने दोर धरायला लावायची. काही कंटाळून गेली. जी राहिली ती पुढे चांगली चढली, कारण खालच्याला काय कळतं आणि काय नाही, हे त्यांना वर असताना कळायचं.

वाइसेनझेच्या एका प्रशिक्षकाला भाचीनं माझाच प्रश्न लिहून पाठवला. परवा उत्तर आलं. पहिला दिवस बर्फावरच जातो. शिकणारे भोक कापतात, पट्ट्या झाडतात, एकमेकांचा दोर धरतात. राखीव पाणबुड्या पूर्ण पोशाखात भोकाशी बसलेला असतो. पाणबुड्यांना दाबाचा त्रास झाला तर उपचार करणारं जवळचं रिकम्प्रेशन चेंबर कुठे, तेही त्यानं न विचारता लिहिलं होतं. "मावशी, इथेच जाते," भाची म्हणाली. फेब्रुवारीतली जागा तिनं धरली आहे. हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड घेऊन जा, असं मी तिला कळवलंय. ओल्या दोरानं पहिला लवकर भिजतो.