गाजरगवतावरील तांबेरा : भरवसा किती ठेवावा?

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील मोकळ्या भूखंडांवर व रस्त्यांच्या कडेला मृगाच्या सरींनंतर गाजरगवत माजते आणि त्याचे बी शेजारच्या ऊस-सोयाबीनच्या शिवारात उतरते. १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेले हे परदेशी तण आज खेडोपाडी पोहोचले आहे. या तणावर तांबेरा पडतो, मग खुरपणीचा खर्च कशासाठी, असे काही शेतकरी बंधू विचारतात. त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

असा तांबेरा खरोखरच आहे. तो मूळचा मेक्सिकोचा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात १९९१ पासून तो मुद्दाम सोडण्यात आला. भारतातही त्याची नोंद आहे. वाऱ्याने आलेला बीजाणू दवाने भिजलेल्या पानावर रुजतो, आत शिरतो व पेशींतील अन्नरस शोषतो. काही दिवसांनी पानावर तपकिरी पुटकुळ्या फुटतात आणि त्यांतील भुकटी वाऱ्याबरोबर पुढील झाडांवर जाते. रोगट झाडाची वाढ खुंटते व बी कमी धरते. उसावरील आणि सोयाबीनवरील तांबेरे निराळ्या जातींचे आहेत. तेव्हा हा रोग पिकावर येईल अशी भीती बाळगू नये.

परंतु या बुरशीस थंड हवा व कित्येक तास टिकणारा ओलावा लागतो. गाजरगवत तर उगवल्यापासून महिना-दोन महिन्यांत फुलते व एकेक झाड हजारो बिया टाकते. पावसाळ्यात उगवलेले गवत थंडी पडण्यापूर्वीच बी टाकून मोकळे होते. शिवाय जिवंत झाडावरच जगणारी ही बुरशी तणाचा समूळ नाश करीत नाही. १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेल्या मेक्सिकन भुंग्यांनीही पुष्कळ पाने फस्त केली, तरी गवत उरलेच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, तांबेरा दिसल्यास आनंद मानावा, पण त्याची वाट पाहू नये. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून व तोंडाला फडके बांधून गवत मुळासकट उपटावे. बिनफुलाचे गवत खताच्या खड्ड्यात घालावे. एकट्या शेतकऱ्याने बांध साफ करून भागत नाही, कारण शेजारच्या भूखंडावरील बी पुन्हा येतेच. ग्रामसेवकांनी कारखानदार, भूखंडधारक व गावकरी यांना एकत्र आणून दर पावसाळ्यात एकाच आठवड्यात ही मोहीम पार पाडावी.