गप्पी हौदात सोडा, ओढ्यात नको

पावसाळा तोंडावर आला की आरोग्य सेवक आणि आशाताई दारोदार हौद, रांजण, टाक्या तपासू लागतात. अळ्या दिसल्या की गप्पी मासे सोडतात. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या टंचाईच्या पट्ट्यात पाणी साठवल्याशिवाय कुठल्याच घराचं भागत नाही. आणि घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी हीच डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची आवडती जागा. म्हणून हे मासे काय करतात आणि काय बिघडवतात, दोन्ही गावाला माहीत हवं.

आरोग्य खातं दोन मासे वापरतं, गप्पी आणि गंबुशिया. दोन्ही परदेशी. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. गंबुशिया अमेरिकेच्या दक्षिण भागातला, भारतात 1928 साली इटलीहून आणलेला. दोन्ही बोटभर लांबीचे आणि अंडी न घालता थेट पिल्लं देणारे. मादी साधारण महिन्याभराने पिल्लांचा नवा घोळका सोडते आणि ही पिल्लं जन्मताच पोहू लागतात. पूर्ण वाढलेला गंबुशिया दिवसाला 100 ते 300 अळ्या फस्त करतो, गप्पी 80 ते 100. गप्पी घाण पाण्यात तग धरतो. गंबुशियाला मचूळ, निमखारं पाणीही मानवतं.

हौदात हे सगळे गुण कामाचे. चार भिंतींबाहेर मात्र तेच गुण घातक ठरतात. गंबुशिया अळ्यांवर थांबत नाही. दुसऱ्या माशांची अंडी, पिल्लं, बेडकांची छोटी पिल्लंही खातो, मोठ्या माशांच्या शेपट्या कुरतडतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या ओढ्या-तळ्यांत अळ्या खाणारे अप्लोकायलससारखे देशी मासे आधीच आहेत. त्यांच्या घरात हा पाहुणा सोडणं म्हणजे डासांचे जुने शत्रू आपल्याच हाताने कमी करणं.

शेततळ्यांबाबत तर जास्त सावध राहायला हवं. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर मराठवाड्यात शेततळी वाढली. अस्तर घातलेल्या, बंदिस्त तळ्यात गप्पी चालेल. पण ज्या तळ्याचं पाणी मोठ्या पावसात सांडव्यावाटे नाल्याला मिळतं, तिथे सोडलेला मासा पुढे नदीपर्यंत जातो आणि एकदा गेलेला परत गोळा करता येत नाही.

आणखी एक. मासे सोडले म्हणजे काम संपलं, हा समज सोडा. कुंडीखालची बशी, टायर, फुटका डबा, कूलर इथे मासा पोचत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, भांडी रिकामी करून आतून घासायची आणि मगच भरायची. घासता न येणाऱ्या मोठ्या हौदातच मासे सोडायचे.

ग्रामपंचायतीने एवढं करावं: मासे कुठे सोडले याची नोंद ठेवावी, ओढे-नाले-नदीत सोडायला ग्रामसभेत ठराव करून मनाई करावी. आणि घरोघरी विनंती एकच, हौद धुताना मासे बादलीत काढून ठेवा, गटारीत किंवा ओढ्यात ओतू नका.